क्लोंडाइकला निघालेली माणसं वेडी होती का?

तुम्ही शाळेत इतिहास शिकवता आणि नववीच्या मुलांनी तुम्हाला निरुत्तर केलं, असं तुम्ही लिहिलंय. मुलांचा प्रश्न असा: 1897-98 मध्ये कॅनडाच्या युकॉन भागात, क्लोंडाइक नदीपाशी सोनं सापडल्याची बातमी ऐकून लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. त्यांतल्या मोजक्यांनाच सोनं मिळालं. मग ती माणसं हावरट होती की अडाणी? आणि भूशास्त्र शिकलेला आजचा माणूस तेव्हा तिथे असता, तर त्याला तरी सोनं मिळालं असतं का?

माझं आयुष्य सोनं शोधण्याच्या नोकरीत गेलं, बहुतेक काळ कर्नाटकातल्या धारवाडी खडकांच्या पट्ट्यांत. नाल्यातली वाळू परातीत धुवायची, कण मोजायचे, नकाशावर टिंबं मारायची आणि सोनं कुठून वाहत आलं असेल याचा माग काढत वर चढायचं, हे काम मी वर्षानुवर्षं केलंय. म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

सोनं मिळालं असतं का, हे तो माणूस घरातून कुठल्या तारखेला निघाला यावर अवलंबून आहे. त्याचं शिक्षण, हिंमत, अंगातली ताकद हे सगळं त्यानंतर येतं. हे नीट कळण्यासाठी आधी ते सोनं तिथे कसं बसलं होतं ते पाहू.

क्लोंडाइकचं सोनं नदीच्या गाळातलं. डोंगरातल्या सोनं असलेल्या गारगोटीच्या शिरा झिजल्या, फुटल्या, पावसापाण्याने वाहून ओढ्यात आल्या. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, गारगोटी पावणेतीनपटही नाही. त्यामुळे हलकं वाहून जातं आणि सोनं खाली खाली सरकत थेट कातळावर जाऊन बसतं. आपल्याकडचे झारेकरी सराफांच्या दुकानांपुढची माती आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात, छत्तीसगड-ओडिशाच्या नद्यांवर सोनझरे वाळू धुतात, तेच हे तत्त्व. क्लोंडाइकचं वेगळेपण असं की हिमयुगात आजूबाजूचा प्रदेश बर्फाच्या जाड थरांनी खरवडून काढला, पण हा तुकडा त्यातून सुटला. लाखो वर्षं साठलेला गाळ जागेवरच राहिला. पाऊस थोडा, थंडी प्रचंड, आणि जमीन बारमाही गोठलेली.

पण हे सोनं ओढ्याच्या पात्रात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. जुना प्रवाह जिथून वाहिला त्या अरुंद पट्टीत ते असतं, आणि दहा पावलं बाजूला खणलं तर हाती काही लागत नाही. म्हणजे क्लोंडाइकच्या अफाट मुलखात खरोखर श्रीमंत असे ओढे मोजके, आणि त्या ओढ्यांत एकेक चिंचोळी पट्टी. सरकारी नियमाने एका माणसाला ओढ्याच्या लांबीचा 500 फुटांचा एक तुकडा मिळे, पहिल्या शोधकाला दोन. त्याला क्लेम म्हणत. चार खुंट ठोकायचे, नाव लिहायचं आणि कचेरीत नोंद करायची. आता तुम्हीच हिशेब करा, एका ओढ्यात असे किती तुकडे पडतील?

आता तारखा पाहा. 1896 च्या ऑगस्टच्या मध्यात स्कूकम जिम, डॉसन चार्ली, केट कार्मॅक आणि तिचा नवरा जॉर्ज कार्मॅक यांना रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं दिसलं. जॉर्ज सोडून बाकीचे तिघे तिथले मूळ रहिवासी, टॅगिश लोक. 17 ऑगस्टला खुंट ठोकले गेले. ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं. बातमी फोर्टीमाइल या जवळच्या खाणवस्तीत पोचली आणि ती वस्ती बघता बघता रिकामी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस बोनान्झाला मिळणाऱ्या एका लहान ओढ्यात आणखी श्रीमंत गाळ सापडला. तो एल्डोराडो. हिवाळा लागेपर्यंत या दोन्ही ओढ्यांवरचे चांगले तुकडे आधीपासून युकॉनमध्ये राहणाऱ्या माणसांनी घेऊन टाकले होते.

आणि बाहेरच्या जगाला हे कधी कळलं? नद्या गोठल्या, वाटा बंद झाल्या. कॅनडाचे सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांनी हिवाळ्यातच ओटावाला निरोप धाडले होते, पण तिकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. 1897 च्या जुलैत ‘एक्सेलसियर’ जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आणि 17 जुलैला ‘पोर्टलंड’ जहाज सिअ‍ॅटलला लागलं. त्यातून उतरलेल्या माणसांच्या पिशव्यांत, डब्यांत, गुंडाळलेल्या घोंगड्यांत सोनं होतं. वर्तमानपत्रांनी ‘टनभर सोनं’ म्हणून हाक दिली, आणि प्रत्यक्षात ते त्याहून जास्तच होतं. सिअ‍ॅटलचे महापौर विल्यम वुड यांनी तारेने राजीनामा पाठवला आणि तेही निघाले.

म्हणजे बातमी आली तेव्हा ती अकरा महिन्यांची शिळी होती. जे सोनं बघून लोक निघाले, ते घेतलेल्या जमिनीतलं होतं. निघालेल्यांतले बहुतेक क्लोंडाइकच्या मुखाशी वसलेल्या डॉसन या गावाला पोचले 1898 च्या जूनमध्ये, म्हणजे शोधानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. तुमच्या मुलांना सगळ्यात आधी हे सांगा. ही माणसं हरली ती धक्क्यावर जहाज लागलं तेव्हाच, फक्त ते त्यांना वर्षभराने कळलं.

मग कोणालाच कसं कळलं नाही? इथे मला माझ्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. एका नाल्यात परात धुताना मला आठ कण दिसले. डोळ्यांना स्पष्ट दिसतील एवढे. तंबूत त्या रात्री कोणी झोपलं नाही. पुढचे आठ महिने आम्ही त्या नाल्याच्या वर चर खणले, नमुने काढले, आणि खाण काढण्याजोगं काहीच निघालं नाही. ते आठ कण खरे होते, आमची चूक पुढे झाली. एका परातीवरून आम्ही सगळा डोंगर मोजला. त्यानंतर मी शिकलो की सोनं मिळालेली परात दाखवली जाते, रिकाम्या परातींची कोणी बातमी करत नाही. ‘पोर्टलंड’वरून उतरलेली माणसं म्हणजे सिअ‍ॅटलच्या लोकांना दिसलेली ती एक परात होती.

क्लॅरेन्स बेरीचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोकडचा, फळबागेतला कंगाल माणूस. तो आणि त्याची बायको एथेल त्याच जहाजाने श्रीमंत होऊन परतले. वर्तमानपत्रांतून लोकांना दिसला तो श्रीमंत झालेला शेतकरी. पण बेरी 1894 मध्येच युकॉनला गेला होता, आणि कार्मॅक बातमी घेऊन फोर्टीमाइलला आला तेव्हा तिथल्या दारूच्या गुत्त्यात नोकरी करत होता. त्याचं नशीब त्या जागी आधीपासून असण्यात होतं, आणि ते जहाजाचं तिकीट काढून विकत घेता येण्यासारखं नव्हतं.

आता ‘हावरट’ या शब्दाबद्दल. तो शब्द मला खटकतो, कारण त्या वेळच्या अमेरिकेची अवस्था त्यात दिसत नाही. 1893 मध्ये तिथे मोठी आर्थिक पडझड झाली. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोर झाल्या, लाखो लोक बेकार झाले. सोन्याशी बांधलेल्या चलनामुळे पैसाच दुर्मीळ झाला होता. ज्याच्याकडे काम होतं त्याला दिवसाला दीड-दोन डॉलर मिळत, आणि सोन्याचा भाव होता औंसाला 20 डॉलर 67 सेंट. चार वर्षं नोकरी शोधून थकलेल्या बापाला कोणी सांगितलं की तिकडे वाळूत वर्षभराचा पगार पडलाय, तर तो काय करेल? कोणाला शेतावरचं कर्ज फेडायचं होतं, कोणाला गेलेलं दुकान परत उभं करायचं होतं. महालाची स्वप्नं पाहणारेही असतील. पण मला त्या गर्दीत मुख्यतः देणी फेडायला निघालेली माणसं दिसतात.

शिवाय ही आशा नुसती आपोआप वाढली नाही, ती वाढवली गेली. सिअ‍ॅटलच्या व्यापारी मंडळाने इरास्टस ब्रेनर्ड नावाच्या पत्रकाराला खास प्रचारासाठी नेमलं. क्लोंडाइकला जायचं तर सामान सिअ‍ॅटललाच घ्या, हे देशभर पोचवणं त्याचं काम. पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, घोंगड्या, फावडी, तंबू यांचा धंदा तुफान झाला. सोनं लागो न लागो, सामान विकणाऱ्याचे पैसे आधीच वसूल होते.

आता वाटेबद्दल, कारण हालांचं खरं माप तिथे आहे. अलास्का आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवरच्या खिंडींत कॅनडाचे घोडदळ पोलीस बसले होते. डॉसनला उपासमारीची वेळ आली होती, म्हणून त्यांनी नियम केला की वर्षभराचं अन्न बरोबर असल्याशिवाय पुढे सोडणार नाही. अन्न, अवजारं, तंबू धरून एका माणसामागे जवळजवळ एक टन ओझं झालं. नुसतं पीठच 180 किलोच्या आसपास. हा नियम कडक होता, पण माझ्या मते त्याने हजारो जीव वाचवले.

चिलकूट खिंडीची वाट 53 किलोमीटरची. मुलांना फळ्यावर हे गणित करायला सांगा: 900 किलो ओझं, एका खेपेला 27 किलो. म्हणजे साधारण 33 खेपा. शेवटची सोडून प्रत्येक खेपेनंतर रिकाम्या हाताने मागे यायचं. म्हणजे सामान एक किलोमीटर पुढे सरकवायला माणूस 65 किलोमीटर चालतो. सपाटीवर ढकलगाडी, घसरगाडी वापरून खेपा कमी करता येत, आणि ज्याच्याकडे पैसे होते तो तिथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांतले हमाल लावी किंवा 1898 मध्ये सुरू झालेल्या तारेवरच्या पाळण्यांतून सामान वर पाठवी. पण सगळं स्वतःच्या पाठीवर नेणाऱ्याची बेरीज तीन हजार किलोमीटरच्या वर जाते. पुण्याहून दिल्लीला चालत जाऊन परत यावं, त्याहून जास्त. शेवटच्या चढाला बर्फात सुमारे 1500 पायऱ्या खोदलेल्या होत्या, एकामागे एक माणूस. रांगेतून बाजूला झालात तर परत आत शिरायला कित्येक तास थांबावं लागे. 3 एप्रिल 1898 ला याच वाटेवर हिमकडा कोसळला आणि साठहून जास्त माणसं गाडली गेली. शेजारची व्हाइट पास ही वाट जनावरांना चालेल असं सांगितलं गेलं. तिथे 3000 च्या आसपास घोडे आणि खेचरं मेली. लोकांनी अगदी अननुभवी हातांनी, उपाशी जनावरांवर ओझी लादून ती चिखलात घातली होती. त्या वाटेबद्दल लिहिताना माझा हात आजही जड होतो.

खिंड ओलांडली की बेनेट सरोवर. तिथे झाडं तोडून, फळ्या कापून स्वतःची होडी स्वतः बांधायची. ओंडका उंच मचाणावर ठेवायचा, एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, वरच्याला वाटे खालचा जोर लावत नाही. वर्षभर एका ताटात जेवलेले मित्र इथे कायमचे तुटले. तवा मधोमध कापून वाटून घेतल्याच्या हकिकती सांगतात, आणि मला त्या खऱ्या वाटतात, कारण छावणीत महिनोन्महिने राहिलेल्या माणसांना मी चहाच्या साखरेवरून भांडताना पाहिलंय. 29 मे 1898 ला बर्फ फुटलं आणि सात हजारांहून जास्त होड्या एकदम डॉसनकडे निघाल्या. पुढे माइल्स कॅन्यन या अरुंद घळईतल्या धारेत पहिल्या काही दिवसांतच शंभराहून जास्त होड्या फुटल्या, माणसं बुडाली. मग पोलीस अधिकारी सॅम स्टील यांनी हुकूम काढला की जाणत्या नावाड्याशिवाय होडी सोडायची नाही.

लाखभर निघाले, त्यांतले तीस-चाळीस हजार डॉसनला पोचले. पोचल्यावर काय झालं ते वाचताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. माणसं काठावर उतरली, चिखलाच्या रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, चौकशी केली, आणि कळलं की जवळचे सगळे ओढे भरलेले आहेत. कित्येकांनी एकदाही फावडं मारलं नाही. तेहतीस खेपांत डोंगरावर चढवलेलं ते पीठ, त्या घोंगड्या त्यांनी काठावरच मिळेल त्या भावाला विकल्या आणि परतीच्या बोटीचं भाडं जमवलं. सोनं मिळालेल्यांचा आकडा चार हजारांच्या आसपास धरतात. मिळालेलं टिकवून ठेवणारे त्याहून कितीतरी थोडे. बेरीने टिकवलं. ‘क्लोंडाइकचा राजा’ म्हणवला गेलेला अ‍ॅलेक्स मॅकडॉनल्ड गरिबीत मेला.

ज्यांना जागा मिळाली त्यांचं काम तरी सोपं होतं का? गोठलेल्या जमिनीत कुदळ शिरत नाही. रात्री लाकडं पेटवायची, सकाळी राख आणि फूटभर वितळलेली माती उपसायची, परत जाळ करायचा. अशी विहीर कातळापर्यंत न्यायची आणि मग कातळावरून आडवं बोगद्यासारखं खणायचं, धुरात, बाहेर उणे चाळीस तापमान असताना. हे हिवाळ्यातच करावं लागे, कारण उन्हाळ्यात विहिरीत पाणी भरतं. उपसलेला गाळ वर ढिगात पडून राही. तो धुवायला वाहतं पाणी हवं, ते वसंतात मिळणार. तेव्हा आडव्या पट्ट्या ठोकलेल्या लाकडी पन्हळीतून गाळ सोडायचा. म्हणजे सात-आठ महिने माणूस राबतो आणि ढिगात काय आहे ते त्याला नक्की ठाऊक नसतं. मधूनमधून झोपडीत बर्फ वितळवून एखादी परात धुऊन बघायची, तेवढाच धीर. मला प्रयोगशाळेच्या निकालाची सहा आठवडे वाट बघणं जड जायचं.

ताज्या अन्नाशिवाय हिरड्या सुजत, दात हलत, हा स्कर्व्ही रोग. 1898 च्या उन्हाळ्यात डॉसनच्या दलदलीत टायफॉइड पसरला. फादर विल्यम जज या जेझुइट धर्मगुरूंनी तिथे रुग्णालय उभारलं होतं. रोग्यांची सेवा करता करता ते स्वतः 1899 च्या जानेवारीत गेले. या सगळ्या कथेत मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो.

आता मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. 1896 च्या शरदात मी युकॉनमध्ये असतो, तर शास्त्र येवो न येवो, एल्डोराडोवर खुंट ठोकता आला असता. उलट अनुभवी खाणकऱ्यांनी हा भाग ‘ही मूस हरणांची चरायची जागा’ म्हणून नाकारला होता, दुसऱ्या ठिकाणी शिकलेल्या खुणा इथे लागू पडत नव्हत्या. 1898 च्या जूनमध्ये पोचलो असतो, तर ओढे सोडून दिले असते आणि मान वर करून टेकड्यांकडे पाहिलं असतं. ओढ्याच्या कितीतरी वर, टेकडीच्या खांद्यावर पांढुरक्या गोट्यांचा एक थर आहे. लाखो वर्षांपूर्वी नदी त्या उंचीवरून वाहत होती, नंतर ती खोल कापत गेली आणि जुनं पात्र वर लटकत राहिलं. त्या पात्रात सोनं होतंच. नवख्यांना तिथे ‘चीचाको’ म्हणत. काही चीचाकोंनी टेकडीवर खणायला घेतलं तेव्हा जुने लोक हसले, आणि तिथेही भरघोस सोनं निघालं. त्यातल्या एका टेकडीचं नावच चीचाको हिल पडलं. मात्र 1898 च्या उन्हाळ्यापर्यंत तिथलीही चांगली जागा बरीचशी गेली होती. तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगतो, बहुधा मीसुद्धा दुसऱ्याच्या क्लेमवर मजुरी केली असती. 1897 च्या हिवाळ्यात तिथे दिवसाला 15 डॉलर मजुरी होती, गर्दी पोचली तशी तीही कोसळली. 1899 च्या उन्हाळ्यात अलास्कात नोम इथे समुद्रकाठच्या वाळूत सोनं सापडल्याची बातमी आली, आणि एका आठवड्यात आठ हजार माणसं डॉसन सोडून तिकडे धावली.

एक गोष्ट मुलांना सांगायची राहू देऊ नका. क्लोंडाइकच्या मुखाशी हॅन लोकांची मासेमारीची वस्ती होती, ट्रोचेक. गर्दीमुळे त्यांना नदीने पाच किलोमीटर खाली मूसहाइडला जावं लागलं. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी ओळखलं की या लोंढ्यात आपली गाणी वाहून जातील, म्हणून ती त्यांनी अलास्कातल्या नातेवाइकांकडे सांभाळायला दिली. पुढे पिढ्यांनंतर वंशजांनी ती तिथून परत शिकून घेतली.

वर्गात करून दाखवायचं असेल तर असं करा. वाळूच्या तीस पाट्या भरा आणि सायकलच्या बेअरिंगचे छर्रे फक्त दोन पाट्यांत घाला. पाण्यात परात हलवली की वाळू वाहून जाते आणि छर्रे तळाशी राहतात, हे एकदा सगळ्यांना दाखवा. मग पाच-सहा मुलांना आधी आत बोलावून सगळ्या पाट्यांवर त्यांची नावं लिहू द्या, छर्रे सापडलेल्या मुलाला ते मुठीत घेऊन बाहेर पाठवा. बाकीचे ते छर्रे बघतील तेव्हा त्यांना सांगा, दप्तर पाठीवर घेऊन मैदानाला दहा फेऱ्या मारा आणि मग आत या. आत आल्यावर त्यांना एकेका पाटीवरची नावं वाचू द्या.